करारातले हात

आम्ही ज्या उर्दू शाळेत शिकवतो तिथे वर्षातून दोन-चार पालक हातात एखादा कागद घेऊन येतात. कागद आखातातल्या नोकरीचा असतो, इंग्रजी आणि अरबीत छापलेला. सही करायची आहे, सर जरा वाचून सांगा, एवढीच त्यांची विनंती असते. आम्ही पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचे तिकीट अशी एकेक कलमे वाचून दाखवतो. कलमे बहुतेक वेळा चांगली असतात. तरीही वर्ष-दीड वर्षाने तोच माणूस परत येतो आणि कागदाशी न जुळणारी हकीकत सांगतो. चांगल्या कागदातून वाईट हकीकत कशी निघते, हे कोडे आम्हाला पुष्कळ दिवस सुटत नव्हते. ते थोडेफार सुटले ते मेक्सिकोच्या ब्रासेरो मजुरांचा इतिहास वाचताना.

मराठीत कामाला माणसे अपुरी पडली की आपण 'हात कमी पडले' म्हणतो. उर्दूत स्वतःच्या मेहनतीवर उभा राहिलेला माणूस 'जोर-ए-बाजू'वर कमावतो. स्पॅनिश भाषेत हाताला 'ब्रासो' म्हणतात आणि त्यावरून हाताने राबणारा तो 'ब्रासेरो'. १९४२ ते १९६४ या बावीस वर्षांत या नावाने मेक्सिकोतले लक्षावधी शेतकरी आणि शेतमजूर करारावर अमेरिकेच्या शेतांत राबून आले. या काळात सुमारे ४६ लाख करार झाले. एकच माणूस नवा करार करून पुन्हा पुन्हा जात असे, म्हणून माणसांची संख्या त्याहून कमी. तरीही एका सरकारने दुसऱ्या सरकारशी लेखी बोलणी करून मजूर नेण्याचे एवढे मोठे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळाच.

करारापूर्वी

कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको हा मुलूख १८४८ पर्यंत मेक्सिकोचाच होता. युद्धातल्या पराभवानंतर तो अमेरिकेकडे गेला. पुढे रेल्वे आली, कालवे आले आणि तिथे हजारो एकरांचे मळे उभे राहिले. अशा मळ्यांना वर्षभर माणसे नको असतात. तोडणीच्या महिन्या-दोन महिन्यांत मात्र एकदम शेकडो हात लागतात, आणि काम संपले की ते हात गावात राहू नयेत अशी मालकाची इच्छा असते.

असे हात आधी चीनमधून आले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांची वाट बंद झाली. मग जपानी आले, त्यांच्यावरही बंधने पडली. त्यानंतर जे आले त्यांत आपल्याकडचेही लोक होते. पंजाबातले शीख, मुसलमान आणि काही हिंदू विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात पोहोचले आणि मळ्यांत राबू लागले. बायका आणण्याची सोय नव्हती. त्यांच्यापैकी अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली आणि मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून असलेल्या इंपीरियल व्हॅलीत पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांची वस्ती वाढली. बाप लाहोर-जालंदरकडचा मुसलमान किंवा शीख, आई मेक्सिकन कॅथलिक, अशी ती घरे होती.

१९१७ साली अमेरिकेने नवा कायदा केला. त्याने हिंदुस्थानसह जवळजवळ सगळ्या आशियाला दार लावले. त्याच कायद्यात येणाऱ्या परदेशी माणसाला वाचता आले पाहिजे आणि त्याने आठ डॉलर कर भरला पाहिजे अशी अट होती. ती लागू होताच मळेवाल्यांनी ओरड केली आणि काही महिन्यांत मेक्सिकन शेतमजुरांना या अटींतून सूट मिळाली. पहिल्या महायुद्धाच्या निमित्ताने सुरू झालेली ही सोय १९२१ पर्यंत चालली.

पुढे १९२९ ची मंदी आली. गोऱ्यांनाच काम मिळेना. तेव्हा कालपर्यंत हवे असलेले मेक्सिकन लोक एकदम नकोसे झाले. १९३० च्या दशकात लाखो माणसांना समजावून, धमकावून, गाड्यांत बसवून मेक्सिकोत पाठवले गेले. त्यांतली पुष्कळ मुले अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्याने अमेरिकन नागरिक होती. मेक्सिको सरकारच्या मनात ही जखम ताजी असतानाच दुसरे महायुद्ध आले.

कागद

१९४२ मध्ये अमेरिकन तरुण फौजेत गेले, उरलेले जास्त पगाराच्या कारखान्यांत गेले. त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना सरकारने उचलून छावण्यांत डांबले, आणि त्यांत भाजीपाला पिकवणारे कुशल शेतकरी होते. मळ्यांत हात कमी पडले. मे महिन्यात मेक्सिकोही मित्रराष्ट्रांच्या बाजूने युद्धात उतरला होता. राष्ट्राध्यक्ष मान्वेल आव्हिला कामाचो यांच्या सरकारने ठरवले की आपल्या देशाचा युद्धातला वाटा म्हणजे ही मजुरी. पण मागचा अनुभव लक्षात घेऊन त्यांनी सगळे लेखी मागितले.

४ ऑगस्ट १९४२ रोजी दोन्ही सरकारांत करार झाला. तो वाचला की मन प्रसन्न होते. मजुराला फौजेत घेतले जाणार नाही. त्याच्याशी भेदभाव होणार नाही. जाण्या-येण्याचा खर्च त्याच्यावर पडणार नाही. राहण्याची स्वच्छ जागा मिळेल. त्या भागात इतरांना जी मजुरी मिळते तीच त्याला मिळेल, आणि ती तासाला ३० सेंटपेक्षा कमी असणार नाही. कराराच्या मुदतीतले तीन चतुर्थांश दिवस तरी काम मिळेलच. मजुरीतले दहा टक्के कापून त्याच्या नावावर बचत म्हणून ठेवले जातील, म्हणजे गावी परतल्यावर त्याला शेतीची अवजारे घेता येतील.

यातला विरोधाभास असा की अमेरिकेच्या स्वतःच्या शेतमजुराला यातले काहीच कायद्याने मिळत नव्हते. १९३५ चा संघटना करण्याच्या हक्काचा कायदा आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा, दोन्हींतून शेतमजूर वगळलेला होता. परक्या माणसाला कागदावर जे मिळाले ते घरच्या माणसाला नव्हते.

मेक्सिकोने हा कागद सुरुवातीला गांभीर्याने घेतला, हेही सांगितले पाहिजे. टेक्सास राज्यात हॉटेलांत, नाभिकांच्या दुकानांत, शाळांत मेक्सिकन लोकांना दूर ठेवले जात असे. म्हणून १९४७ पर्यंत मेक्सिकोने टेक्सासला एकही ब्रासेरो दिला नाही. त्या राज्याला १९४३ मध्ये 'चांगल्या शेजाऱ्यांचा आयोग' नावाची एक समिती नेमून आपण सुधारत आहोत असे दाखवावे लागले.

सप्टेंबर १९४२ च्या अखेरीस पहिले काहीशे ब्रासेरो कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन येथे उतरले आणि साखरबीटाच्या शेतांत कामाला लागले. पुढे कापूस, संत्री, लेट्यूस, टोमॅटो अशी पिके त्यांच्या हाती आली. साखरेला स्पॅनिशमध्ये 'आसूकार' म्हणतात, कापसाला 'अल्गोदोन', संत्र्याला 'नारांखा' आणि शेतातल्या पाटाला 'आसेकिया'. अरबी जाणणाऱ्याला सुक्कर, अल-कुत्न, नारंज आणि अस-साकिया हे शब्द लगेच ऐकू येतील. अंदलुसच्या मुसलमान शेतकऱ्यांनी स्पेनला दिलेले हे शब्द समुद्र ओलांडून मेक्सिकोत गेले आणि तिथल्या खेडुतांबरोबर कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत पोहोचले.

हाताची परीक्षा

ब्रासेरो होणे सोपे नव्हते. गावच्या अधिकाऱ्याकडून यादीत नाव घालून घ्यावे लागे आणि त्यासाठी हात ओले करावे लागत. या लाचेला मेक्सिकोत 'मोर्दिदा' म्हणजे 'चावा' म्हणतात. मग भरती केंद्रापर्यंतचा प्रवास. सुरुवातीला हे केंद्र राजधानीतल्या क्रीडांगणात होते. पुढे इरापुआतो, ग्वादालाहारा, मोंतेर्रे, चिवावा, एम्पाल्मे अशा ठिकाणी गेले. ग्वानाह्वातो, मिचोआकान, हालिस्को, साकातेकास या राज्यांतली माणसे कर्ज काढून, जनावर विकून तिथे पोहोचत आणि नाव पुकारले जाण्याची वाट पाहत दिवसेंदिवस उघड्यावर पडून राहत. नाव आलेच नाही तर कर्ज तसेच घेऊन घरी.

नाव आले की हात तपासले जात. तळव्यावर घट्टे आहेत का, बोटे राकट आहेत का, हे बोटांनी दाबून पाहत. ज्याचे हात मऊ तो शेतकरी नाही, म्हणून बाद. शाळेत शिकलेल्या मुलाला तर आपले शिक्षण लपवावे लागे. आम्ही शिक्षक असल्यामुळे हा तपशील आमच्या मनातून जात नाही. सरहद्दीपलीकडच्या केंद्रात पुन्हा तपासणी: कपडे उतरवून रांगेत उभे करणे, छातीचा एक्स-रे, आणि अंगावर, कपड्यांवर डीडीटीची भुकटी फवारणे. लिओनार्ड नॅडेल या छायाचित्रकाराने १९५६ मध्ये हे दृश्य टिपले. उघड्या अंगाची तरणी माणसे रांगेत उभी आहेत आणि तोंडावर मुखवटा बांधलेला कर्मचारी एकाच्या चेहऱ्यावर पांढरी भुकटी उडवतो आहे. मुखवटा फवारणाऱ्याला आहे. ज्याच्यावर फवारायचे त्याला नाही. टेक्सासमधले एल पासोजवळचे रिओ व्हिस्टा हे असेच एक केंद्र. १९५१ पासून योजना संपेपर्यंत वर्षाला ऐंशी हजारांवर माणसे त्यातून गेली. २०२३ मध्ये त्या जागेला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

जे कलम नव्हते

आता आमच्या कोड्याकडे येऊ. एवढा चांगला कागद असूनही शेतात काय घडले?

'त्या भागात चालणारी मजुरी' हे शब्द पाहा. ही मजुरी किती, हे ठरवायचे कोणी? हंगामाआधी मळेवाल्यांच्या संघटना एकत्र बसत आणि यंदा अमुक दर देऊ असे ठरवत. सरकारी अधिकारी त्यालाच चालू दर म्हणून शिक्का मारत. त्या दराने स्थानिक मजूर आला नाही, की मजूर मिळत नाहीत असा दाखला मिळे आणि ब्रासेरो मागवता येत. जेवणासाठी १९५० च्या दशकात दिवसाला पावणेदोन डॉलरपर्यंत कापता येत होते, मग जेवण कसेही असो. लेट्यूस आणि बीटाच्या शेतात जेमतेम फूटभर दांड्याचे खुरपे वापरायला देत. त्याला मजूर 'एल कोर्तितो' म्हणजे 'छोटू' म्हणत. मजूर सारखा वाकलेला राहिला तरच काम चालू आहे हे मुकादमाला दुरून कळे. या अवजाराने किती पाठी कायमच्या मोडल्या याची गणती नाही. कॅलिफोर्नियात त्यावर बंदी आली ती १९७५ मध्ये.

तक्रारीची सोय कागदावर होती. मेक्सिकोचे वकील होते, अमेरिकेचे निरीक्षक होते. पण शेते हजारो आणि निरीक्षक मोजके. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्या कलमांत एक कलम नव्हते: हा मालक नको, मी दुसऱ्याकडे जातो, असे म्हणण्याचा हक्क. करार ज्याच्याशी त्याच्याकडेच काम. ते सोडले की अमेरिकेत राहण्याचा परवाना संपला. करारही सहसा सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतचे. तक्रार करणाऱ्याचा करार मालक वाढवत नसे आणि पुढच्या वर्षी त्याला बोलावतही नसे. घरी कर्जवाला उभा. अशा माणसाने कुठल्या तोंडाने तक्रार करावी? बाकीची सगळी कलमे एका अर्थी या न लिहिलेल्या कलमावर उभी होती आणि तेच नसल्यामुळे ती कोसळली.

याचा एक पुरावा १९४७ सालचा आहे. कॅलिफोर्नियातल्या आर्व्हिन गावाजवळ दी जॉर्जिओ कंपनीच्या प्रचंड मळ्यात स्थानिक मजुरांनी संप केला. तिथले शंभरावर ब्रासेरोही काम टाकून बसले. भाषा वेगळी, देश वेगळा, तरी त्यांनी शेजारच्या मजुराचा संप फोडला नाही. मग पोलीस अधिकारी, अमेरिकी खात्याचा माणूस आणि खुद्द मेक्सिकोचा वकील असे सगळे आले. कामावर जा, नाहीतर मायदेशी परत पाठवू, हे ऐकल्यावर ब्रासेरो कामावर गेले. संप पुढे हरला.

त्या संपाच्या आघाडीवर असलेले एर्नेस्तो गालार्सा हे या इतिहासातले सर्वांत आदरणीय नाव. १९०५ मध्ये मेक्सिकोतल्या नायारित राज्यातल्या एका डोंगरी खेड्यात त्यांचा जन्म झाला. क्रांतीच्या धामधुमीत लहानपणी ते कॅलिफोर्नियात आले, स्वतः मळ्यांत राबले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टरेट झाले. प्राध्यापकी करण्याऐवजी त्यांनी मजूर संघटनेचे काम पत्करले. १९५६ मध्ये ते छावण्या-छावण्यांतून फिरले, मजुरांच्या पगाराच्या चिठ्ठ्या पाहिल्या, कलमे आणि वस्तुस्थिती शेजारी शेजारी मांडून अहवाल काढला. मळेवाले आणि सरकार दोघेही भडकले. पण पुढे या योजनेवर देखरेख करणाऱ्या श्रम खात्यातल्याच ली विल्यम्स या अधिकाऱ्याने तिला कायद्याच्या चौकटीतली गुलामी ठरवले.

उघडझाप

१९४८ च्या ऑक्टोबरमध्ये मजुरीच्या दरावरून मेक्सिकोने माणसे द्यायला नकार दिला. टेक्सासमध्ये कापूस वेचायला आला होता. एल पासोच्या सरहद्दीवर अमेरिकी अधिकाऱ्यांनी सरळ दार उघडले. कागद नसलेली हजारो माणसे नदी ओलांडून आली. त्यांना नावापुरते ताब्यात घेऊन कापूसवाल्यांच्या गाड्यांत बसवण्यात आले. मेक्सिकोने निषेध म्हणून करार मोडला. १९५१ मध्ये कोरियाच्या युद्धाच्या वेळी अमेरिकेने कायदा करून योजना पुन्हा पक्की केली.

१९५४ मध्ये उलट घडले. नदी पोहून आलेल्यांची पाठ भिजलेली असते म्हणून त्यांना दिल्या जाणाऱ्या शिवीचेच नाव देऊन अमेरिकेने एक मोठी मोहीम काढली. जनरल जोसेफ स्विंग तिचे प्रमुख होते. दहा लाखांहून अधिक लोक परत गेले असा सरकारने दावा केला. इतिहासकार हा आकडा फुगवलेला मानतात, पण घराघरांतून माणसे उचलली गेली हे खरेच. त्याच वेळी ब्रासेरो करार वाढत गेले. १९५६ मध्ये ते वर्षाला सुमारे ४ लाख ४५ हजारांवर पोहोचले. म्हणजे माणसे घालवायची नव्हती; मोकळ्या मजुराच्या जागी बांधलेला मजूर आणायचा होता.

योगायोग असा की त्याच १९५६ च्या निवडणुकीत इंपीरियल व्हॅलीचा समावेश असलेल्या मतदारसंघातून दलीप सिंग सौंद हे पंजाबी शेतकरी अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले. १९१७ च्या कायद्याने ज्यांच्या देशाला दार लावले, त्यांच्यातला एक माणूस कायदे करणाऱ्या सभागृहात बसला. १९४६ च्या कायद्याने हिंदुस्थानी लोकांना अमेरिकी नागरिक होता येऊ लागले, म्हणून हे शक्य झाले. ब्रासेरोला मात्र नागरिकत्वाचा रस्ता ठेवलेलाच नव्हता.

नावे

२८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातल्या लोस गातोस खोऱ्यात एक विमान कोसळले. त्यात मायदेशी परत पाठवले जाणारे २८ मेक्सिकन मजूर होते. काहींचे करार संपले होते, काही कागदांविना आलेले. त्यांच्यासह ३२ जण मेले. वर्तमानपत्रांत विमानाच्या कर्मचाऱ्यांची आणि पहारेकऱ्याची नावे आली. मजुरांचा उल्लेख फक्त 'हद्दपार' असा झाला. फ्रेस्नोच्या दफनभूमीत त्यांना एकाच कबरीत ठेवले आणि दगडावर नावांऐवजी आकडा कोरला. लोकगायक वुडी गथ्री यांनी या निनावीपणावरच एक गीत रचले. त्या सर्वांच्या नावांचा दगड बसला २०१३ मध्ये, पासष्ट वर्षांनी.

१७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियाच्याच सालिनास खोऱ्यात, चुआलार गावाजवळ, कामावरून परतणाऱ्या ब्रासेरोंच्या गाडीला मालगाडीने धडक दिली. गाडी म्हणजे मालवाहू ट्रकवर टप बसवून आत लांब बाकडी टाकलेली. मजुरांची अवजारेही त्यांच्या पायांशीच. चालकाला मागचे काही ऐकू येण्याची सोय नव्हती. ३२ मजूर मेले. प्रेतांची ओळख पटवणे अवघड झाले, कारण बरोबरचे लोक एकमेकांना टोपणनावांनीच ओळखत होते. चालकावर खटला झाला आणि तो सुटला. संसदेच्या समितीसाठी गालार्सा यांनी या अपघाताची चौकशी केली. २०१३ मध्ये त्या जागेजवळच्या महामार्गाच्या तुकड्याला ब्रासेरोंच्या स्मरणार्थ नाव दिले गेले.

यापूर्वीच, नोव्हेंबर १९६० मध्ये, शेतमजुरांच्या हालांवरचा एडवर्ड मरो यांचा माहितीपट अमेरिकेच्या घराघरांतल्या दूरचित्रवाणीवर दिसला होता. चुआलारने उरलेसुरले समर्थन खचले. संसदेने शेवटची एका वर्षाची मुदतवाढ दिली आणि ३१ डिसेंबर १९६४ रोजी योजना संपली. पुढच्याच सप्टेंबरात डेलानो येथे आधी फिलिपिनो आणि मग सेझार चावेझ यांच्या मेक्सिकन-अमेरिकन द्राक्षमजुरांनी प्रसिद्ध संप सुरू केला. संप फोडायला ब्रासेरो आणण्याची सोय आता मालकांकडे उरली नव्हती.

मात्र योजना बंद झाल्याने स्थानिक मजुरांचे भले झाले असे सरसकट म्हणता येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असे दिसले की ज्या राज्यांतून ब्रासेरो गेले तिथली मजुरी इतर राज्यांपेक्षा जास्त वाढली नाही. मालकांनी टोमॅटो तोडणारी यंत्रे आणली, काही पिकेच कमी केली. आणि तेच मेक्सिकन हात, ज्यांना आता मळे आणि वाटा ठाऊक झाल्या होत्या, कागदांविना येऊ लागले.

दहा टक्के

कापलेल्या दहा टक्क्यांचे काय झाले? ते पैसे मालकांकडून सॅन फ्रान्सिस्कोच्या बँकांत आणि तिथून मेक्सिकोच्या सरकारी बँकांत गेले, इथपर्यंत माग लागतो. पुढे मजुराच्या हातात फारच थोड्यांच्या पडले. अशी काही कपात झाली हेच अनेकांना ठाऊक नव्हते. करार इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत असे, पण वाचता न येणाऱ्याला दोन्ही भाषा सारख्याच.

अर्धशतकानंतर म्हाताऱ्या ब्रासेरोंनी हिशेब मागितला. २००१ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दावा गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांचा मोर्चा मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष व्हिसेंते फॉक्स यांच्या घराण्याच्या शेतवाडीत शिरला. २००५ मध्ये मेक्सिकोने निधी स्थापून प्रत्येकी ३८,००० पेसो देण्याचे ठरवले. २००८ मध्ये दाव्यात तडजोड होऊन, १९४२ ते १९४६ या काळात काम केलेल्या आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना प्रत्येकी ३,५०० डॉलर कबूल झाले. अट एकच: कागद दाखवा. साठ वर्षांपूर्वीचा करार, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र. सरकारांनी आणि बँकांनी ज्याचा हिशेब ठेवला नाही, त्याचा पुरावा त्या माणसाने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असावा, अशी अपेक्षा होती. १९४२ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण २००८ मध्ये शहाऐंशी वर्षांचा झाला होता. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी चुकती करावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे घाम तर वाळलाच, मजूरही मातीला मिळाले.

तरी अनेक म्हाताऱ्या ब्रासेरोंनी मुलाखतींत आपल्या त्या दिवसांबद्दल अभिमानाने सांगितले आहे. त्या पैशांतून घरावर पक्के छप्पर आले, शिलाई मशीन आले, मुले शाळेत गेली. मागे राहिलेल्या बायकांनी शेत, म्हातारी माणसे आणि कर्ज सगळे एकट्याने सांभाळले. त्यांच्याशी कोणी करार केला नव्हता. ही कमाई खरी होती. पण कमाई खरी होती म्हणून अन्याय खोटा ठरत नाही.

आपल्या दारात

अमेरिकेत आजही शेतीसाठी तात्पुरत्या मजुरांचा एक परवाना आहे. १९८६ च्या कायद्याने त्याला सध्याचे रूप आले. अलीकडच्या वर्षांत दरवर्षी तीन लाखांहून अधिक जागा त्यात मंजूर झाल्या आणि येणाऱ्यांत बहुसंख्य मेक्सिकन असतात. परवाना अजूनही एका मालकाशी बांधलेला आहे. आखातात ही गाठ 'कफील' नावाने आपल्या कोकणातल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलताना मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. हा बदल छोटा दिसतो, पण ब्रासेरोंच्या बावीस वर्षांत जे कलम कधी आले नाही तेच ते आहे.

आणि परदेशापर्यंत जायलाही नको. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टोळी मोजतो ती कोयत्यांनी. तिकडे हाताच्या नावाने माणूस मोजला, इकडे हातातल्या हत्याराच्या नावाने दोन माणसे. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, ही गाठही तीच.

हा इतिहास वाचल्यापासून पालक कागद घेऊन आले की आम्ही तो वेगळ्या क्रमाने वाचतो. पगाराचा आकडा नंतर. पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: काम पटले नाही तर हा माणूस ते सोडून दुसरीकडे जाऊ शकेल का, आणि पासपोर्ट कोणाजवळ राहील? उत्तर सापडले नाही तर तसे स्पष्ट सांगतो. सही बहुतेक जण तरीही करतात, कारण घरी कर्ज असते. तेव्हा आम्ही त्यांना आणखी एक काम सांगतो. या कागदाच्या दोन प्रती काढा. एक बरोबर न्या आणि एक घरी, पेटीत, जपून ठेवा.